व्हेनिसचा वीकेंड आणि विद्यार्थ्याचा खिसा : तुमचे अनुभव लिहा

युरोपात शिकायला आलेली आपली पोरं पहिल्या सेमिस्टरला पैसे साठवून कुठे जात असतील तर पॅरिस, नाहीतर व्हेनिस. शनिवार-रविवार, एक सॅक, चौघांत एक पॉवर बँक. तर ज्यांनी ज्यांनी विद्यार्थी असताना व्हेनिस केलंय त्यांनी लिहा. फोटोंमधलं नको, खरं काय झालं ते.

सुरुवात मीच करते. मी म्युनिकला होते, हॉटेलची एक रात्र वाचवायची म्हणून शुक्रवारी रात्रीची बस घेतली आणि पहाटे साडेपाचला ट्रोंकेट्टोच्या बसथांब्यावर उतरले. मान आखडलेली, तोंड धुतलेलं नाही, तशीच चालत सुटले. भाजीची बोट, कचऱ्याची बोट, हॉटेलांच्या चादरींचे गठ्ठे भरलेली बोट. आपल्याकडे छोटा हत्ती जे जे वाहतो ते सगळं इथे पाण्यावरून जातं, हे वाचलेलं असतं पण ती कचऱ्याची बोट डोळ्यासमोर भोंगा वाजवत वळली ना, तेव्हा डोक्यात शिरलं. रियाल्टोचा पूल, १५९१ साली बांधून झालेला, दहा मिनिटं माझ्या एकटीचा होता. अकरा वाजता परत तिथे आले तर दादर स्टेशनचा जिना. तेव्हापासून माझं ठाम मत, हे शहर पहाटे आणि रात्री दहानंतरच बघावं, मधे कुठेतरी आडवं व्हावं. पण आडवं व्हायचं कुठे, तिथे खिसा आडवा येतो.

---

आडवं व्हायचं मेस्त्रेला, म्हणजे बेटासमोरच्या जमिनीवरच्या व्हेनिसमध्ये! बेटावरच्या हॉस्टेलच्या निम्म्या पैशांत बेड मिळतो आणि ट्रेननं दहा मिनिटांत सांता लुचिया, म्हणजे बेटावरचं स्टेशन, तिकीट दोन युरोसुद्धा नाही. आम्ही पाच जण होतो. मेस्त्रे स्टेशनजवळ बांगलादेशी लोकांची दुकानं आहेत, मसूर डाळ, हळद, हिरव्या मिरच्या सगळं मिळतं, दुकानदार काका आमच्याशी हिंदीत बोलले आणि कोथिंबीर फुकट दिली. हॉस्टेलच्या किचनमध्ये आमटी-भात. व्हेनिसमध्ये काय खाल्लं तर आमटी-भात, हसा हवं तर.

एकच सांगतो, कागदी तिकीट काढलं की प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये पंच करा. आम्ही नाही केलं, वाटलं तिकीट आहे ना हातात. टीसीनं दंड लावला, पाच जणांचा मिळून जो आकडा झाला त्यात बेटावरच राहून झालं असतं. चूक आमचीच.

---

मी मिलानला शिकत होतो, आणि मी गेलो तो वीकेंड म्हणजे १६-१७ नोव्हेंबर २०१९. ज्यांना माहीत आहे त्यांना कळलं असेल.

१२ तारखेच्या रात्री व्हेनिसमध्ये भरतीची पातळी १८७ सेंटिमीटरवर गेली होती, १९६६ च्या १९४ नंतरची सगळ्यात मोठी. मित्र म्हणाले कॅन्सल कर. मी सांगलीचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या गावभागातल्या घरात पाणी होतं, आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेलेली, आणि मी मिलानला परीक्षेच्या अभ्यासात, आईबाबा पहिल्या मजल्यावर, फोन लागला तर लागला. त्यामुळे का कोण जाणे पण मला जायचंच होतं.

शनिवारी ठीक होतं. रविवारी सकाळी सायरन झाला, विमानहल्ल्याच्या पिक्चरमध्ये असतो तसा, आणि त्यानंतर चढत जाणारे सूर. जितके सूर जास्त तितकं पाणी जास्त. हॉस्टेलवाल्या आजीबाईंनी बोटांवर मोजले आणि खिडकीतून बाहेर बघत कॉफी ढवळत बसल्या. मी दहा युरोंना ते गुडघ्यापर्यंतचे प्लास्टिकचे बूट घेतले, पंधरा मिनिटांत आत पाणी. एरवी चालायला फळ्यांचे मार्ग टाकतात, पण फार पाणी येणार असेल तर ते काढून घेतात कारण फळ्या तरंगायला लागतात. सान मार्को चौक बंद केला होता. दुपारी एकच्या सुमारास पाणी दीड मीटरच्या पातळीला गेलं.

आणि मग उतरलं. हेच मला पचेना. तीन-चार तासांत उतरलं! भरतीचं पाणी ते, आलं तसं समुद्रात गेलं. आमच्याकडे कृष्णामाई घरात शिरली की आठवडाभर बसते आणि जाताना चिखल ठेवून जाते. इथे चिखल नाही पण मीठ. विटांत शिरतं, पोपडे निघतात, एका दुकानदारानं भिंत नखानं खरवडून दाखवली. बाहेर तिथली कॉलेजची मुलंमुली गमबुटात, एका लायब्ररीतून भिजलेली पुस्तकं साखळी करून बाहेर काढत होती. मी साखळीत उभा राहिलो तासभर. इटालियन मला तेव्हा तोडकंमोडकं यायचं, शेजारच्या मुलीनं विचारलं कुठला, म्हटलं इंडिया, माझ्या गावातपण ऑगस्टमध्ये आलं होतं. ती म्हणाली किती? मी फुटांचे मीटर करून सांगितले. तिला वाटलं मला आकडे सांगता येत नाहीत. नदीची पातळी आणि घरातलं पाणी यातला फरक समजावण्याएवढं इटालियन नव्हतं, राहिलंच ते.

सान मार्कोचं बॅसिलिका, म्हणजे त्या चौकातलं मोठं चर्च, मी आतून आजतागायत बघितलेलं नाही.

---

बाप रे. वरचं वाचून माझा अनुभव लिहायला लाज वाटतेय. छोटासाच आहे. गोंडोल्याचे अर्ध्या तासाला ८० युरो होते आमच्या वेळी (आता अजून वाढलेत), म्हणजे महिन्याचा किराणा. पण ग्रँड कॅनॉलवर पूल चारच आहेत, म्हणून मधेमधे ‘त्रागेत्तो’ चालतो, जुना मोठा गोंडोलाच, दोन युरोंत पलीकडच्या काठावर. स्थानिक लोक उभ्यानं जातात. मीपण उभी राहिले, भाऊच्या धक्क्याच्या लाँचची सवय कामाला आली. दोन मिनिटांची राइड, चार वेळा केली.

---

मला नाही आवडलं बुवा. मारा दगड. मे २०२४, बोलोन्याहून एका दिवसासाठी गेलो, नुकताच तो पाच युरोंचा प्रवेश कर सुरू झाला होता, ठरावीक दिवशी सकाळी साडेआठ ते चार. शहरात शिरायला क्यूआर कोड दाखवायचा, जत्रेचं तिकीट असल्यासारखं. व्हापोरेत्तोचं, म्हणजे पाण्यावरच्या बसचं, तिकीट साडेनऊ युरो, पंचाहत्तर मिनिटांत संपतं. पत्ते म्हणजे विनोद, घरांचे नंबर रस्त्याप्रमाणे नाहीत, अख्ख्या विभागाला एकच माळ, पाच-सहा हजारांपर्यंत. मॅप म्हणतो उजवीकडे, उजवीकडे पाणी. एक मान्य, पिण्याच्या पाण्याचे नळ चौकाचौकात आहेत, बाटली भरा, पैसे नाहीत.

---

@बोलोन्यावाले, दिवसा गेलात, वर मे महिन्यातला शनिवार. मग काय होणार! धागा काढताना काय लिहिलंय मी?

---

इतिहासवाल्यांसाठी एक. मी पादोव्याला होतो, अर्ध्या तासावर, त्यामुळे खूप वीकेंड. मनुची आठवतोय का, शाळेतल्या पुस्तकात नुसतं नाव यायचं? तो व्हेनिसचाच, जन्म १६३८, पोरवयात जहाजावर लपून घरातून पळाला तो शेवटी पोचला हिंदुस्थानात. १६६५ ला पुरंदरच्या वेळी तो मिर्झाराजांच्या छावणीत होता, आणि त्यानं लिहिलंय की एका रात्री मिर्झाराजांसोबत पत्ते खेळत बसलेलो असताना शिवाजी महाराज तंबूत आले. त्याच्या हस्तलिखिताच्या प्रती मार्चाना ग्रंथालयात आहेत, म्हणजे डोजच्या (व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखाच्या) राजवाड्यासमोर जी लांब कमानींची इमारत, जिच्यासमोर सगळे सेल्फी काढतात, तीच. मी आत गेलो नाही, विचारायची हिंमतच झाली नाही. पायरीवर बसून भडंग खाणार होतो, पण तिथे बसून खाल्लं तर दंड होतो, म्हणून उभ्यानं बकाणा भरला.

---

मी या नोव्हेंबरात जातेय, मैत्रिणीबरोबर, दोन रात्री. मेस्त्रे की बेटावर? आणि सांगलीकर, गमबुट नेऊ का?

---

सांगलीकर इकडे. एक रात्र तरी बेटावर काढ, मेस्त्रेच्या आमटीचा पूर्ण आदर राखून. गमबुट नको, ऑक्टोबर २०२० पासून खाडीच्या तोंडाशी ते मोझेचे दरवाजे आहेत, मोठी भरती येणार असली की उचलतात, २०१९ सारखं होत नाही. सान मार्को सगळ्यात सखल, तिथे थोडंफार येतं अजूनही. जास्तीचे सॉक्स ने. आणि बॅसिलिका आतून कसं आहे ते मला सांग.