मिल्नर म्हणजे फक्त एक रुग्ण नव्हे

एकांनी विचारलंय, की मेंदू आणि स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांचं सगळं नाव हेन्री मोलेसन या एकाच रुग्णामुळे झालं, तर त्यात त्यांचं कर्तृत्व ते काय? हे मला अजिबात पटत नाही. मेंदूचे शल्यचिकित्सक स्कोव्हिल यांच्याबरोबरच्या १९५७ च्या शोधनिबंधात इतर रुग्णही होते. शस्त्रक्रियेत हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या अवयवाचा जास्त भाग काढला गेला तिथे स्मृतिदोष जास्त, हे त्या तुलनेतूनच दिसलं.

मोलेसनच्या मेंदूवरची शस्त्रक्रिया १९५३ ची, फिट्स आवरण्यासाठी केलेली. नंतर नवं काही लक्षात राहीना. मिल्नर माँट्रियलहून त्याला तपासायला जात, आणि त्याच्या लेखी त्या दर वेळी अनोळखीच! त्यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत हात सफाईदार झाला, पण आधी कधी गिरवलंय हे त्याला ठाऊकच नव्हतं. हाताला वळण लागणं आणि प्रसंग आठवणं या मेंदूच्या वेगळ्या व्यवस्था आहेत, हे इतक्या साध्या साधनाने दाखवणं ही प्रतिभाच आहे.

मी ठाण्यात मानसशास्त्र शिकवते. आरशातली चांदणी आमच्या प्रॅक्टिकललाही असते. मुलं वेळ नि चुका मोजतात, जर्नलवर सही घेतात आणि मोकळी होतात. मोलेसनबद्दल त्यांना कुणी सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बाकी केंब्रिजचं शिक्षण, मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांच्याकडे पीएचडी, मेंदूविज्ञानासाठीचा २०१४ चा कावली पुरस्कार हे आहेच. फ्रंटल लोबवरचं, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागावरचं, त्यांचं पत्ते लावण्याच्या चाचणीचं कामही जरूर वाचा.