स्लिप स्टॅकिंगमध्ये दोन बंच एकावर एक चढतात कसे?

धागाकर्ता: फर्मीलॅब या अमेरिकेतल्या कणत्वरक प्रयोगशाळेबद्दल वाचत होतो, तिथे प्रोटॉनचे दोन बंच (पुंजके) एकाच रिंगमध्ये एकमेकांवर आणून दुप्पट दाट करतात म्हणे, त्यालाच स्लिप स्टॅकिंग म्हणतात. पण कॉलेजात तर लिउव्हिलचं प्रमेय घोकून घेतलं होतं, फेज स्पेसमधली (कणांची जागा आणि संवेग मिळून होणाऱ्या नकाशातली) घनता वाढवता येत नाही म्हणून! मग हे कसं?

बकेटवाला: आधी तिथली रचना बघ. बूस्टर ही छोटी रिंग, तिथून प्रोटॉन जातात ती रिसायकलर रिंग त्याच्या ७ पट घेराची. म्हणजे ६ बॅच (बूस्टरमधून एका वेळी येणारी बंचची रांग) आरामात बसतात, सातवी जागा किकर (बीम वळवणारं झटपट चुंबक) चालू व्हायला मोकळी सोडायची. आता अजून ६ हव्यात तर जागा कुठंय? म्हणून आधीच्या सहांची ऊर्जा किंचित बदलतात आणि नव्या सहा मूळ ऊर्जेवर घेतात. ऊर्जा वेगळी म्हणून फिरायचा वेळ वेगळा, दोघांना सांभाळायला आरएफ (कणांना ढकलणारं रेडिओ फ्रिक्वेन्सीचं व्होल्टेज) पण दोन, साधारण ५३ मेगाहर्ट्झच्या आणि फरक फक्त १२६० हर्ट्झचा. हा आकडा उगाच आलेला नाही बरं का. बूस्टर सेकंदाला १५ वेळा बॅच देतं आणि त्याच्यात ८४ बकेट (आरएफमुळे बनणारे, बंच धरून ठेवणारे कप्पे), १५ गुणिले ८४ करून बघ. म्हणजे पुढची बॅच येईपर्यंत जुन्या बरोब्बर एका बॅचएवढ्या सरकलेल्या असतात, मला तर हे फार देखणं वाटतं. शेवटी सगळ्या एकमेकांसमोर आल्या की मेन इंजेक्टर या पुढच्या रिंगमध्ये मोठ्या व्होल्टेजची एकच बकेट दोघांना गिळते.

धागाकर्ता: भारीच! पण एकाची आरएफ दुसऱ्याला त्रास देत नाही का?

बकेटवाला: देते ना. दोन फ्रिक्वेन्सीतला फरक सिंक्रोट्रॉन फ्रिक्वेन्सीच्या (बकेटमध्ये प्रोटॉन सेकंदाला किती वेळा झुलतात त्याच्या) ४ पटीच्या खाली गेला की बकेट एकमेकांत घुसतात. मग व्होल्टेज कमी ठेवावं लागतं, बकेट बारीक होतात आणि काठावरचे प्रोटॉन सांडतात. सांडलेले भिंतीवर आदळून रेडिएशन, खरी डोकेदुखी ती.

जुना_सभासद: लिउव्हिलचं राहिलंच की. प्रमेय कुठेच मोडत नाही, दोन्ही बंच ऊर्जेच्या अक्षावर एकाखाली एक असतात आणि मधली रिकामी जागासुद्धा मोठ्या बकेटमध्ये येते. बंचमागे प्रोटॉन दुप्पट, पण ऊर्जेचा पसारा दुपटीहून जास्त, म्हणजे फेज स्पेसमध्ये उलट पातळच झालं. प्रमेयाला खरी बगल हायड्रोजनचा ऋण आयन आत सोडून फॉइलवर त्याचे इलेक्ट्रॉन काढतात तेव्हा मिळते.

आणि युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या एसपीएस या त्वरकात शिशाच्या आयनांचं स्लिप स्टॅकिंग करतात ते वेगळं, तिथे एकावर एक नाही, एकाआड एक बसवतात. दोन बंचमधलं १०० नॅनोसेकंदांचं अंतर ५० वर येतं, बंच आहे तेवढाच राहतो.