मदत हवी आहे : बॅलिस्टिक डिपॉझिशनमध्ये वाढीचा घातांक १/३ ऐवजी ०.३० येतो

नमस्कार. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी एकमितीय जाळीवर बॅलिस्टिक डिपॉझिशनचे सिम्युलेशन करत आहे. कण यादृच्छिक स्तंभावर सोडायचा आणि खाली येताना आपल्या स्तंभाच्या माथ्याला किंवा शेजारच्या स्तंभाला जिथे प्रथम टेकेल तिथेच चिकटवायचा, एवढाच नियम. कार्दार, पारिसी आणि झांग यांच्या १९८६ च्या समीकरणाच्या सार्वत्रिक गटात (नियम वेगळे, पण घातांक तेच असलेल्या प्रारूपांच्या गटात) हे प्रारूप गणले जाते. म्हणजे खडबडीतपणा (स्तंभांच्या उंचीचे प्रमाण विचलन) काळाच्या १/३ घाताने वाढायला हवा आणि स्थिरावल्यावर जाळीच्या लांबीच्या १/२ घातानुसार ठरायला हवा.

२०४८ स्तंभ, जोडलेल्या कडा आणि ५०० फेऱ्यांची सरासरी घेऊन १० ते १००० थरांदरम्यान (एक थर म्हणजे दर स्तंभामागे सरासरी एक कण, हेच काळाचे एकक) माझ्या लॉग-लॉग आलेखाचा उतार ०.३० येतो. ३२ ते २५६ स्तंभांच्या जाळ्यांवरून दुसरा घातांक ०.४५ मिळतो. दुसऱ्या घातांकाला पहिल्याने भागून गतिक घातांक (स्थिरावायला लागणारा काळ जाळीच्या लांबीच्या ज्या घाताने वाढतो तो) नेमका १.५ येतो, पण दुसरा घातांक आणि गतिक घातांक यांची बेरीज २ व्हायला हवी, ती १.९५ भरते.

प्रोग्राम चुकला असेल म्हणून त्यातला फक्त चिकटण्याचा नियम बदलला आणि शेजारच्या उंचींत १ पेक्षा जास्त फरक पडू न देणारे किम व कॉस्टरलिट्झ यांचे १९८९ चे प्रारूप चालवले. तिथे ०.३३ मिळाले, त्यामुळे यादृच्छिक संख्यांवरचा आणि सरासरीच्या पद्धतीवरचा संशय फिटला.

माझा तर्क असा : बॅलिस्टिक डिपॉझिशनमध्ये कण उंच शेजाऱ्याच्या अंगाला चिकटत असल्यामुळे लगतच्या स्तंभांत मोठ्या पायऱ्या पडतात, आणि त्यांचा जवळपास स्थिर वाटा खडबडीतपणाच्या वर्गात मिसळून सुरुवातीच्या काळात उतार कमी दाखवतो. हा वाटा वजा केला की उतार १/३ च्या जवळ जातो, हे करून पाहिले. परंतु किती वजा करायचे हे मी उत्तर आधीच ठाऊक असताना ठरवले, आणि तेच मनाला पटत नाही.

हा स्थिरांक घातांकाकडे न पाहता, उदाहरणार्थ पायऱ्यांच्या उंचीच्या विचरणावरून, स्वतंत्रपणे काढता येतो का? की वजाबाकी टाळून निरनिराळ्या काळांतले स्थानिक उतार मांडावेत आणि ते कुठे झुकतात हे दाखवावे? सपाट सुरुवातीसाठी उंचीच्या वितरणाची विषमता (ते एका बाजूला किती झुकलेले आहे याचे माप) सुमारे ०.२९ अपेक्षित असते; या प्रारूपात ती किंमत घातांकापेक्षा लवकर गाठली जाते का, हेही कळावे. माझ्या लॅपटॉपवर १६,३८४ स्तंभ आणि १०,००० थरांपर्यंत जाता येईल. तेवढ्याने फरक दिसेल का, की आणखी मोठ्या यंत्रावर वेळ मागावा? ज्यांनी हे प्रारूप स्वतः चालवले आहे त्यांनी कृपया सांगावे.