ग्रीक बेटावरचे भग्नावशेष: वाचून जायचे की नुसतेच भटकायचे?

रिकामटेकडी_रमा
विधान भडक आहे, पण मांडतेच. प्राचीन अवशेष पहिल्यांदा बघताना तयारी करून जाऊ नये.

निमित्त नाक्सोस बेटाचे. ऑगस्ट महिना. शेजारच्या डेलोसला (अपोलो या ग्रीक देवाचे जन्मस्थान मानलेले बेट) जाणारी बोट मेल्तेमीमुळे रद्द झाली. (मेल्तेमी म्हणजे उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून सुटणारा वारा. आकाशात ढगाचा ठिपका नाही आणि समुद्र मात्र पिसाळलेला.) वाचन सगळे डेलोसचे झाले होते, नाक्सोसबद्दल पाटी कोरी. मग बंदरालगतच्या पोर्ताराकडे चालत सुटलो. पाण्यातल्या टेकाडावर संगमरवरी दाराची नुसती चौकट, अलीकडे-पलीकडे भिंतीचा मागमूस नाही. तिथून टॅक्सीने फ्लेरिओ. झाडीतल्या पायवाटेशेजारी पाच मीटरहून लांब दगडी तरुण उताणा पडलेला, एक पाय मोडका. आधी वाटले, पावसाने नाकडोळे झिजलेत. वाकून बघितले तर अंगभर छिन्नीचे घाव. म्हणजे झिजला नव्हता, घडवायचाच राहिला होता! हे मला कोणी सांगितले नाही, मी बघितले. पुस्तकात आधी वाचले असते तर फोटोशी ताडून पाहिले असते आणि पुढे निघाले असते.

दुपारी हाल्की गावात महाळुंगाच्या पानांपासून काढलेले कित्रोन नावाचे मद्य, मग सांग्रीचे डिमीटर या धान्यदेवीचे देऊळ, संध्याकाळी परत. ज्या दिवसाची काही अपेक्षाच नव्हती तो सगळ्या सहलीत उजवा ठरला. बोला.

काळा_कातळ
असहमत. रमाताई, हे लाड ज्यांना परत जाता येते त्यांचे. आमच्यासारख्यांचे ग्रीस आयुष्यात एकदाच. रजेचा अर्ज, शेंगेन व्हिसासाठी बँकेची स्टेटमेंटे, हॉटेलांची बुकिंगे, एवढे सगळे करून तिथे पोचल्यावर ‘बघू काय दिसते ते’?

आणि तुम्हाला काय दिसले नाही ते सांगतो. पोर्तारा हे इ.स.पू. ५३० च्या सुमारास लिग्डामिस या हुकूमशहाने काढलेल्या देवळाचे दार. त्याची सत्ता गेली, देऊळ अर्धवट राहिले. दाराचा रोख डेलोसकडे, म्हणून ते अपोलोचे असावे असे बहुतेक मानतात. बाकीचे दगड कुठे गेले? मान वर करा. १२०७ नंतर मार्को सानुदो आणि त्याच्या व्हेनिशियन मंडळींनी गावावर किल्ला बांधला, त्यात पुष्कळसे खपले. चौकटीच्या शिळा वीसेक टनांच्या, त्या हलल्या नाहीत म्हणून वाचल्या. हे माहीत असलेला माणूस किल्ल्याच्या बोळांत भिंतींकडे बघत फिरतो. माहीत नसलेला फ्रिजवरची चुंबके घेतो.

डबा_घेतला_का
चुंबकांबद्दल अपशब्द सहन केले जाणार नाहीत.
आमच्या ग्रुप टूरने पोर्तारा सूर्यास्ताला दाखवले. दिसल्या फक्त लोकांच्या पाठी. तेव्हा सध्या रमाताईंना +१.

रिकामटेकडी_रमा
@काळा_कातळ, हे सगळे मी त्याच रात्री वाचले आणि दुसऱ्या दिवशी किल्ल्यातल्या भिंती बघितल्या. चुंबकही घेतले. माझा वाद वाचण्याशी नाही, क्रमाशी आहे. आधी डोळे, मग पुस्तक.

खापरखुंटी
माझे दोघांशीही भांडण आहे, रमाशी थोडे जास्त.

तुम्ही सांग्रीचे देऊळ एका ओळीत गुंडाळलेत, आणि तुमचा मुद्दा तिथेच अडखळतो. ते उभे दिसते ते आपोआप नाही. इ.स.पू. सहाव्या शतकातले हे देऊळ पुढे ख्रिस्ती झाले, त्याच्याच दगडांची बॅसिलिका, म्हणजे चर्च झाले, मग तेही पडले. उत्खननात चिरे सगळीकडे विखुरलेले आणि नंतरच्या भिंतींत चिणलेले सापडले. अथेन्स विद्यापीठ आणि म्युनिकच्या मंडळींनी वर्षानुवर्षे एकेक तुकडा कुठला ते ठरवले आणि १९९० च्या दशकात त्यातला काही भाग पुन्हा उभा केला. छप्परसुद्धा संगमरवरी होते, कौले इतकी पातळ की उजेड आत झिरपावा. नुसते जाऊन उभे राहिले तर ‘छान आहेत खांब’ एवढेच हाती लागते. कुठला दगड जुना, कुठला भरणीचा नवा, हे ओळखायला कोणीतरी सांगावे लागते. तुमची स्वच्छंद भटकंती दुसऱ्या कोणीतरी अत्यंत चिकाटीने केलेल्या आखणीवर चालली होती.

फ्लेरिओत मात्र तुमचे खरे. ती खाणच आहे. काम जिथे थांबले तिथेच पडून आहे, म्हणून बारकाईने बघणाऱ्याला बरेच काही कळते. सगळ्या अवशेषांना एकच नियम लावू नका.

कातळकाका, तुम्ही जागा बघायला जाता की परीक्षा द्यायला?

काळा_कातळ
परीक्षा तर परीक्षा. आता तिसरा प्रश्न रमाताईंना: अपोलोनासचा कूरोस (म्हणजे तुमच्या फ्लेरिओसारखा तरुण पुरुषाचा प्राचीन पुतळा) बघितलात?

रिकामटेकडी_रमा
नाही. बस गेली होती.

काळा_कातळ
हेच म्हणतोय! बेटाच्या पार उत्तर टोकाला, खाणीत आडवा पडलेला, १०.७ मीटर. फ्लेरिओच्या जवळपास दुप्पट. दाढी कोरायला घेतलेली दिसते, म्हणून तो मद्याचा देव डायोनिसस असावा म्हणतात. कुंपण नाही, तिकीट नाही. फक्त बसच्या फेऱ्या मोजक्या आणि डोंगरातली वळणे जीव काढणारी, म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशी बघायचे असते. तेवढे एक काम.

खापरखुंटी
तुमच्या बाजूने एक भर. त्या कूरोसला नीट समजून घ्यायचे तर आधी डेलोस बघितलेले बरे. नाक्सोसवाल्यांनी तिथे अपोलोचा असाच अजस्र पुतळा उभारला होता. आज त्याचे धड आणि कंबर तिथल्या अवशेषांत पडलीत, हात तिथल्याच संग्रहालयात, पायाचा तुकडा लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये. सिंहांची ओळही नाक्सोसच्याच संगमरवराची, त्यातला एक व्हेनिसच्या आर्सेनालच्या (जुन्या आरमारी गोदीच्या) दारात बसलाय. खाणीत अर्धवट राहिलेले आणि डेलोसला पोचलेले, दोन्ही बघितल्यावरच नाक्सोसचा तोरा कळतो.

रिकामटेकडी_रमा
पण डेलोसची बोट तर वाऱ्याने रद्द केली होती. तुमचा क्रम मेल्तेमीला कोण समजावणार?

डबा_घेतला_का
कातळकाकांना पाठवा. वेळापत्रक घेऊन.

एजियनची_सून
सात वर्षे अथेन्समध्ये आहे. एकाही प्रतिसादात पाण्याचा उल्लेख नाही, म्हणून लिहिते. जुलै-ऑगस्टच्या दुपारी या जागा वाचलेल्याला आणि न वाचलेल्याला सारख्याच भाजून काढतात. डेलोसवर तर सावली नावालाच, आणि मुक्कामाला परवानगी नसल्याने शेवटच्या बोटीने परतावेच लागते. सकाळी लवकर निघा किंवा सरळ मे नाहीतर सप्टेंबर अखेरीस या. तेव्हा वाराही बहुधा जरा शहाण्यासारखा वागतो.

धाग्याच्या मूळ प्रश्नावर: नवरा ग्रीक आहे, आणि नाक्सोसला जायचे ठरले की त्याची तयारी कुठल्या खानावळीत बटाटे आणि ग्रावियेरा चीज खायचे एवढीच असते. अपोलोनासला तो तीनदा गेलाय, मासे खायला. कूरोस मीच दाखवला.