‘नाकारल्या’ की ‘तगल्या नाहीत’? : मेंदूत सोडलेल्या मूलपेशींविषयी

बेळगावहून :
पार्किन्सनच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी मी एका माहितीपत्रकाचा मराठी मजकूर तयार करीत आहे. मेंदूत सोडलेल्या मूलपेशींपैकी (ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी घडू शकतात अशा पेशींपैकी) पुष्कळशा मरतात, हे सांगताना मी ‘शरीराने पेशी नाकारल्या’ असे लिहिले आहे. कन्नड मजकूर करणाऱ्या सहकारी मूलपेशीला ‘कांडकोश’ आणि प्रत्यारोपणाला ‘कसि’ म्हणतात, आणि हा ‘कसि’ त्यांच्याकडे झाडाच्या कलमालाही चालतो. मग आपणही ‘कलम’ म्हणावे का, आणि ‘नाकारणे’ येथे बरोबर आहे का, हे कृपया सांगावे.

खानापूरहून :
ताई, ‘कलम’ मला येथे पटत नाही. कलमात एका झाडाची फांदी किंवा डोळा दुसऱ्याच्या खोडाशी जुळवून बांधतात. मेंदूत मात्र सुट्या पेशी द्रवात मिसळून बारीक सुईने सोडतात, म्हणून हे काम आपल्याकडच्या भाताच्या लागणीला अधिक जवळचे आहे आणि ‘प्रत्यारोपण’ या शब्दातले ‘रोप’ तेच सांगते. उपटलेले रोप चिखलात लावल्यावर काही दिवस पिवळे पडते आणि काही रोपे मरतात, तेव्हा शेताने ती नाकारली असे कोणी म्हणत नाही, ती तगली नाहीत असेच म्हणतात. मेंदूतही पहिल्या काही दिवसांत नेमके हेच घडते : शेजारच्या पेशींपासून तुटलेल्या, सुईच्या जखमेत पडलेल्या आणि नव्या रक्तवाहिन्या पोहोचेपर्यंत प्राणवायू कमी मिळणाऱ्या पेशी मोठ्या संख्येने मरतात. दाता आणि ग्रहण करणारा उंदीर एकाच वंशाचे, जनुकांनी सारखे असले तरी ही मर होते, आणि म्हणूनच तिला ‘नाकारणे’ म्हणता येत नाही.

नाकारायला आधी ओळखावे लागते. पेशींच्या पृष्ठभागावरील एचएलए प्रथिने (आपले-परके ओळखण्याच्या खुणा) परकी आहेत हे मुख्यतः टी-पेशींनी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या रक्तपेशींनी, हेरले आणि त्या चालून आल्या, तर ते नाकारणे. दोन्ही मरणांना एकच शब्द वापरला, तर प्रतिकारशक्ती दडपणारे औषध दिले की सगळ्याच पेशी वाचतील, असा घरच्यांचा समज होईल, आणि ही चूक साधी नाही.

निपाणीहून :
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. मला एका तिसऱ्या शब्दाची भर घालायची आहे. मेंदूला प्रतिकारशक्तीपासून ‘संरक्षण’ असते असे सर्रास लिहिले जाते. मी ‘सवलत’ लिहीन. शेतसाऱ्यात सवलत आणि माफी यांतला फरक आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. प्रत्यारोपणाचा अभ्यास करणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी 1948 मध्ये दाखवले की सशाच्या मेंदूत लावलेली परक्या सशाची त्वचा एरवी टिकते, पण त्याच दात्याची त्वचा त्या सशाच्या अंगावर आधी लावलेली असेल, तर मेंदूतलीही नष्ट होते. ओळख एकदा पटली की सवलत संपते. म्हणूनच जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या 2018 मध्ये सुरू झालेल्या चाचणीत, रुग्णाच्या स्वतःच्या नव्हे तर दात्याच्या पेशींपासून घडवलेल्या पेशी पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत सोडताना टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दडपणारे औषध दिले गेले.

बेळगावहून :
दोघांचेही मनापासून आभार. आता मजकूर असा केला आहे : ‘सोडलेल्या पेशींपैकी बऱ्याचशा पहिल्या काही दिवसांत तगत नाहीत. ज्या तगतात, त्या परक्या म्हणून ओळखल्या गेल्या तर प्रतिकारशक्ती त्यांना नाकारू शकते, कारण मेंदूला सवलत असली तरी माफी नसते. औषध या नाकारण्यावर आहे, आधीच्या मरीवर नाही.’ उपचार अजून पूर्णपणे सिद्ध झालेला नाही, हे वाक्य मी सर्वांत वर नेले आहे. कन्नड मजकुरातही या दोन क्रियांसाठी दोन वेगळी क्रियापदे असावीत, असे मी सहकाऱ्यांना आजच कळवते.