रणातला सूर्यास्त: तुम्ही किती वेळ थांबलात?

शाकंभरी पौर्णिमेला धरून आम्ही पाच जण वडोदऱ्याहून कच्छच्या पांढऱ्या रणात जाऊन आलो. रात्री सयाजीनगरी एक्सप्रेस, सकाळी भुज, तिथून जीप. वाटेत भिरंडियाऱ्याचा गरम मावा खाल्ला आणि धोरडोजवळच्या तंबूत सामान टाकलं.

दुपारी साडेतीनला चालायला लागलो. उंटगाड्यांची गर्दी अर्ध्याएक किलोमीटरात मागे पडली. पुढे पायाखाली मिठाचाच आवाज, भाजलेला पापड मोडावा तसा. वाकून एक खपली उचलली. वरून पांढरीशुभ्र, खालून करडी आणि ओली, कडेला खडीसाखरेसारखे चौकोनी दाणे. पावसाळ्यात इथे समुद्राचं आणि पावसाचं पाणी भरतं, ते आटत आटत हिवाळ्यात एवढं उरतं.

सव्वासहाला रावपुऱ्यातून आईचा फोन आला. "इकडे बुडाला बघ सूर्य, मी देवापाशी दिवा लावतेय." आमच्याकडे तो अजून दोन बोटं वर होता! भुज वडोदऱ्याच्या साडेतीन अंश पश्चिमेला, म्हणजे सूर्यास्त जवळजवळ चौदा मिनिटं उशिरा. आईचा एक सूर्यास्त झाला आणि आमचा व्हायचा होता, याचं मला फार अप्रूप वाटलं.

सूर्य टेकला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे परत फिरले. आम्ही तिथेच बसलो. थोड्या वेळात पूर्वेला क्षितिजालगत निळा-करडा पट्टा दिसू लागला, त्याच्यावर गुलाबी झाक. तो पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. गावात इमारतींमागे ती कधी नजरेलाच पडत नाही. तिच्यातूनच चंद्र वर आला, तांबूस, अगदी ताटाएवढा. मीठ आधी जांभळट झालं, मग निळं. परत फिरलो तेव्हा आमच्या सावल्या चांदण्यात पडत होत्या.

म्हणून हा धागा काढतेय. रणात गेला असाल, मोठ्या किंवा छोट्या, तर लिहा. किती चाललात, आणि सूर्य बुडाल्यावर काय पाहिलंत?

वडोदऱ्याच्या वाडीतून:
आम्ही नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलो, ती चूकच झाली. त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता आणि रणात पाणी होतं. मुलगा वाट सोडून दहा पावलं गेला आणि घोट्यापर्यंत चिखलात. बूट निघाला, मोजा आतच राहिला. जिथे मीठ काळपट दिसतं तिथे पाय टाकू नका. सूर्यास्त मात्र दोनदा पाहिला, एक आकाशात, एक पाण्यात.

दांडिया बाजारातून:
आमच्याकडे दत्ताची उपासना. गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीला जाणं सासूबाईंनी कधी चुकवलं नाही. त्यामुळे काळ्या डुंगरावर दत्ताचं देऊळ आहे म्हटल्यावर त्यांनीच आम्हाला घराबाहेर काढलं. हा कच्छमधला सगळ्यात उंच डोंगर, 460 मीटरच्या आसपास. गाडी वरपर्यंत जाते, पण शेवटचा चढ त्या माझा हात धरून चालल्या, चार ठिकाणी बसून.

संध्याकाळच्या आरतीनंतर पुजाऱ्यांनी ओट्यावर भात ठेवला आणि "लोंग, लोंग" अशी साद घातली. कोल्ह्यांसाठी! भुकेल्या कोल्ह्यांपुढे दत्तात्रेयांनी "ले अंग" म्हणत स्वतःचं अंग धरलं, त्याचंच पुढे "लोंग" झालं, अशी तिथली कथा. झुडपातून दोन कोल्हे आले. एक खात होता, दुसरा आमच्याकडे बघत उभा. सासूबाईंनी पदर सारखा केला आणि हात जोडले. "आपल्याकडे पायाशी श्वान, इथे हे," एवढंच म्हणाल्या. खाली सगळं रण केशरी झालं होतं, पण त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. मीही मग कोल्ह्यांकडेच बघत राहिले.

मांजलपूरहून:
मोठं रण अजून व्हायचंय. आम्ही छोट्या रणात, दसाड्याजवळ तंबू ठोकले होते. सकाळी घुडखरांचा, म्हणजे रानगाढवांचा कळप दिसला, पण मनात राहिल्या त्या मीठ पिकवणाऱ्या एक अगरिया बेन. जमिनीतलं खारं पाणी पंपाने उपसून पाट्यात, म्हणजे मिठाच्या वाफ्यात सोडायचं, ते उन्हात आटवायचं, आणि मिठाचे खडे नीट धरावेत म्हणून रोज लाकडी दाताळ्याने पाटा ओढायचा. पावसाळा सरला की कुटुंबच्या कुटुंब रणात येतं आणि उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहतं. मी पाच मिनिटं दाताळं ओढून पाहिलं, तळहाताला लगेच फोड आला. बेनने माझा हात उलटा करून पाहिला, मग शेजारी आपला ठेवला. तो नुसता लाकूड झाला होता.

सूर्यास्ताला आम्ही सगळे मोबाइल घेऊन उभे. त्या पाण्यातच होत्या. उजेड पुरता जाईपर्यंत ओढत राहिल्या, मग बाहेर येऊन आम्हाला बशीत काळा चहा दिला. हल्ली घरी मिठाची पिशवी उघडली की सांडू देत नाही मी.

रावपुऱ्यातून (धागाकर्ती):
मांजलपूरकर, तुमचं आईला वाचून दाखवलं. पुढच्या वेळी छोट्या रणात तीही येणार म्हणतेय. गुडघे दुखतात तिचे, तंबूपासून पाटे किती लांब होते तेवढं कळवाल का?