पीएम किसानचे पैसे सातबाऱ्याला की राबणाऱ्याला?

बांधावरचा:
आमच्याकडं मराठवाड्यात बरंचसं रान ठोक्यानं (ठरलेली रोख रक्कम घेऊन) नाहीतर बटईनं (वाट्यानं) दिलेलं असतंय. मालक पुण्यात, सातबारा त्याच्या नावावर, त्यामुळं केंद्राच्या पीएम किसानचे वर्षाला ६००० अन् २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरीचे अजून ६००० त्याच्याच खात्यात. ठोकेवाला आधीच रोख मोजून बसलेला, वर बी, खत, फवारणी त्याचीच, पाऊस दगा देऊन गेला तरी मरण त्याचंच. माझं म्हणणं, मालकाचं बंद करा आणि जो कसतो त्याला द्या.

दोन_एकर:
बटईत निम्मा खर्च मालक घालतो हे सोयीनं विसरलात काय? आमची आई एकटी असते गावाकडं, गुडघे गेलेत, म्हणून रान वाट्यानं दिलंय, तिचा हप्ता तोडणार का? टॅक्स भरणारे, सरकारी नोकरदार (शिपाई वगैरे सोडून), महिन्याला १०००० किंवा जास्त पेन्शनवाले नियमानं आधीच बाद आहेत की.

बांधावरचा:
आईचा नका तोडू, मी ठोकेवाल्यांचं बोलतोय. आणि नियमाचं म्हणाल तर कुटुंब म्हणजे नवरा, बायको अन् अठराच्या आतली पोरं, एवढंच धरलंय. म्हणजे पोरगा आयटीत लाखांनी कमवू दे, सातबारा बापाच्या नावावर असला की बापाला हप्ता चालू. सुरुवातीला २०१९ ला निदान दोन हेक्टरची मर्यादा तरी होती, ती पण काही महिन्यांत काढली.

फेरफार:
कसणारा कोण हे ठरवणार कोण पण? आपल्याकडं ठोका पाडव्याला तोंडी ठरतो, कागद कुणी करत नाही, कारण मालकाला धास्ती की कूळ लागंल, म्हणजे कसणारा रानावर हक्क सांगंल. १९५० चा हैदराबाद कूळ कायदा आजोबांच्या डोक्यात होता तो नातवाच्याही डोक्यात आहे. पीकविम्याला भाडेकरार रजिस्टर करून आणा म्हणाले, किती जणांनी आणला? आमच्या गावात तरी मला कोणी दिसला नाही.

कट्टी_सोयाबीन:
तुमचं भांडणच चुकीच्या जागी चाललंय राव!! १३५० ला डीएपी खताची गोणी, २००० च्या हप्त्यात दीड पण येत नाही. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता, बाजारात त्याच्या खालीच गेलं, क्विंटलला ७०० जरी कमी धरले तरी दहा क्विंटलमागं ७००० गेले, म्हणजे केंद्राचे वर्षाचे ६००० तिथंच संपले. हप्ते बंद करा, मालाला भाव द्या, जो पिकवील त्याला आपोआप मिळंल.

फेरफार:
कसलं आपोआप? हमीभाव केंद्रावर नोंदणीला काय लागतं, सातबारा अन् त्यावर पीकपेरा. ठोकेवाला मालकाच्या नावानं माल घालतो, पैसे मालकाच्या खात्यात पडतात, मग मागत फिरायचं.

दोन_एकर:
मग मधला मार्ग काढा ना, केंद्राचे मालकाला राहू द्या, राज्याचे नमोचे कसणाऱ्याला द्या. ओडिशानं त्यांच्या शेतकरी मदतीच्या कालिया योजनेत भूमिहीनांना पण घेतलं होतंच की. ग्रामसभेत नावं वाचायची, गावात कोण कुणाचं रान करतो हे शेंबड्या पोरालाबी ठाऊक असतंय.

फेरफार:
वाचून बघा ग्रामसभेत. ज्याचं नाव वाचलं त्याला पुढच्या पाडव्याला मालक रान देतो का ते इथं येऊन सांगा.